तक्त्यावरचा एकच डास

कोकणातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी एका पावसाळ्यात मला एक प्रश्न विचारला. प्रश्न खरं तर त्यांचा नव्हता, त्यांच्या आठवीच्या वर्गातल्या एका मुलीचा होता. शाळेमागच्या बांबूच्या बेटात, तोडलेल्या बांबूच्या पेरात पाणी साठलं होतं आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. मुलीने त्या बाटलीत भरल्या, बाटलीच्या तोंडाला जुन्या ओढणीचा तुकडा घट्ट बांधला आणि आठवडाभराने आत काळेपांढरे डास बसलेले पाहिले. त्यातला एक मेलेला डास भिंगाखाली धरून ती भिंतीवरच्या तक्त्याशी ताडून बघू लागली. "बाई, तक्त्यातल्या डासाच्या पाठीवर वीणेसारखी खूण आहे. याच्या पाठीवर एकच सरळ रेघ आहे. मग हा डेंग्यूचा डास आहे की नाही?"

बाईंनी तक्ता पुन्हा वाचला. त्यात उत्तर नव्हतं. पाठ्यपुस्तक काढलं, त्यातही नव्हतं. तेव्हा त्यांनी मला विचारलं, आणि मी उत्तर द्यायला बसलो तर ते एका ओळीत बसेना. हा लेख त्यातून झाला.

पुस्तकांची परीक्षणं आपण लिहितो, तक्त्यांची कोणी लिहीत नाही. वास्तविक पुस्तक वाचून मिटलं जातं, तक्ता मात्र वर्षानुवर्षं भिंतीवरून मुलांकडे बघत असतो. तेव्हा या तक्त्याचं परीक्षण करायला हरकत नसावी. कोणत्या प्रकाशनाचा तक्ता, हे महत्त्वाचं नाही. थोड्याफार फरकाने हाच तक्ता तुमच्याही शाळेत, आरोग्यकेंद्रात, नगरपालिकेच्या व्हरांड्यात असेल. मधोमध एका पट्टेरी डासाचं मोठं चित्र, वर लाल अक्षरांत "डेंग्यूचा डास". खाली चार वाक्यं: एडीस डासाची मादी डेंग्यू पसरवते, तिच्या अंगावर पांढरे पट्टे असतात, ती दिवसा चावते, ती स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालते. बाजूला एक छोटा चौकोन: ॲनॉफेलिस – हिवताप, क्युलेक्स – हत्तीरोग, एडीस – डेंग्यू. परीक्षेत "जोड्या लावा" विचारायला इतकी सोयीची दुसरी गोष्ट नाही, आणि दरवर्षी ती विचारली जातेच.

यातलं एकही वाक्य सरळसरळ खोटं नाही. म्हणूनच तक्ता तपासायला अवघड जातो.

आधी "एडीस" हा शब्द घेऊ. एडीस हे एका डासाचं नाव नाही, ती प्रजाती आहे. जुन्या वर्गीकरणानुसार तिच्यात नऊशेच्या वर जाती येतात. (वर्तमानपत्रांत हल्ली सरसकट "प्रजाती" म्हणतात. आपल्या पाठ्यपुस्तकांनी मात्र प्रजाती आणि जाती हा भेद नीट सांभाळला आहे, तो आपण सोडू नये.) या नऊशेंपैकी बहुतेकींचा डेंग्यूशी काहीही संबंध नाही. ज्या थोड्यांचा आहे, त्यात दोन आपल्या घराच्या आसपास सापडतात. एक एडीस इजिप्ती, म्हणजे पाठीवर वीणा असलेला, तक्त्यातला. दुसरा एडीस अल्बोपिक्टस, म्हणजे पाठीवर मधोमध एक पांढरी रेघ असलेला. पांढरे पट्टे दोघांच्याही पायांवर असतात. दिवसा दोघंही चावतात. दोघंही भांड्यात साठलेल्या पाण्यात वाढतात. तक्त्यातली चारही वाक्यं दोघांना लागू पडतात आणि चित्र मात्र एकाचंच आहे. बांबूच्या पेरातला डास अल्बोपिक्टस होता. या डासाचं शास्त्रीय वर्णन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्क्यूज नावाच्या अभ्यासकाने कलकत्त्याच्या नमुन्यांवरून केलं, म्हणजे तो आपल्याकडचा जुना रहिवासी आहे. इजिप्ती मूळचा आफ्रिकेतला.

म्हणजे मुलीला "हो, हाही डेंग्यू पसरवू शकतो" असं सांगून मोकळं होता आलं असतं. पण "पसरवू शकतो" आणि "पसरवतो" यांत केवढं अंतर आहे, हे डेंग्यूच्या संशोधनाचा इतिहास पाहिला की कळतं. तो इतिहास तक्त्यात मावणार नाही हे कबूल. पण वर्गात तो गोष्टीसारखा सांगता येतो.

डास आणि डेंग्यू यांचा संबंध प्रयोगाने दाखवण्याचा पहिला मोठा प्रयत्न विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला बैरुतमध्ये ग्रॅहम नावाच्या प्राध्यापकाने केला. डेंग्यूच्या रुग्णांना चावलेले डास तो डोंगरातल्या एका गावात घेऊन गेला. त्या गावात डेंग्यू नव्हता. तिथल्या माणसांना ते डास चावू दिले, आणि ती माणसं तापाने पडली. प्रयोगाची रचना उत्तम होती, कारण साथीच्या गावातच प्रयोग केला असता तर ताप या डासाने आला की दुसऱ्याच कुठल्या, हे कळायला मार्ग नव्हता. पण ग्रॅहमने आरोपी ठरवला तो क्युलेक्स, म्हणजे गटारातला नेहमीचा तपकिरी डास. त्याच्या डासांत पट्टेरी डासही मिसळलेले असावेत अशी शंका पुढच्या अभ्यासकांना आली. रचना बरोबर, निष्कर्ष बरोबर, आणि आरोपी मात्र चुकीचा!

१९०६ साली ऑस्ट्रेलियात बॅनक्रॉफ्टने पट्टेरी डासाकडे बोट दाखवलं. त्याचा तर्क मला फार आवडतो. डेंग्यूची साथ जिथवर पोचते तिथवरच हा डास आढळतो, असं त्याचं निरीक्षण होतं. पण त्याचे प्रयोग साथीच्या भागातच झाले होते, त्यामुळे ग्रॅहमची जी जमेची बाजू, तीच नेमकी त्याची कच्ची बाजू ठरली. १९०७ साली मनिलात अमेरिकी सैन्यातल्या ॲशबर्न आणि क्रेग या डॉक्टरांनी दाखवून दिलं की डेंग्यूचं कारण जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही पार जातं, म्हणजे ते जिवाणूपेक्षा सूक्ष्म आहे. केवढा मोठा शोध! आणि त्याच संशोधनात त्यांनी पसरवणारा डास म्हणून पुन्हा क्युलेक्सचंच नाव घेतलं. हे कोडं सुटलं ते १९१६ च्या सुमारास. क्लेलंड, ब्रॅडली आणि मॅकडोनाल्ड यांनी साथीच्या भागातले पट्टेरी डास डेंग्यू नसलेल्या सिडनीत आणून स्वयंसेवकांना चावू दिले आणि त्यातल्या काहींना डेंग्यू झाला. ग्रॅहमची रचना आणि बॅनक्रॉफ्टचा डास एकत्र आले तेव्हा कुठे गोष्ट पक्की झाली. पुढे १९२६ साली त्याच मनिलात सायलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी इजिप्तीवर मोठं काम केलं. रुग्णाला चावल्यावर डास लगेच रोग देऊ शकत नाही, मध्ये दहाएक दिवस जावे लागतात, मग मात्र तो मरेपर्यंत रोग देऊ शकतो, हे त्यांनी दाखवलं. क्युलेक्सने त्यांच्या प्रयोगांत रोग दिला नाही. आणि १९३०-३१ मध्ये, पुन्हा मनिलातच, सिमन्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अल्बोपिक्टसही डेंग्यू देऊ शकतो हे सिद्ध केलं.

म्हणजे बांबूच्या पेरातला डास गेली नव्वद-पंचाण्णव वर्षं यादीत आहे. तक्त्यावर मात्र अजून आलेला नाही.

या सगळ्या प्रयोगांत माणसांनाच डास चावू द्यावे लागले, कारण डेंग्यूने माणसासारखा आजारी पडणारा सोयीचा प्राणी मिळत नव्हता. विषाणू प्रयोगशाळेत हाती लागला तो १९४३ नंतर. आजच्या दृष्टीने असे प्रयोग खटकतात, आणि वर्गात ते सांगताना मुलांनी तसं म्हटलं तर ती चर्चा टाळू नये.

आता खरा प्रश्न. दोन्ही डास डेंग्यू देऊ शकतात, तर जगातल्या बहुतेक मोठ्या शहरी साथींचा दोष इजिप्तीवर का जातो? सहज वाटेल की इजिप्तीच्या अंगात विषाणू अधिक चांगला वाढत असेल. प्रयोगशाळेतली निरीक्षणं मात्र इतकी सरळ नाहीत. विषाणू असलेलं रक्त दोन्ही जातींना पाजलं, तर आतड्याला लागण होण्याचं प्रमाण अल्बोपिक्टसमध्ये पुष्कळदा इजिप्तीपेक्षा जास्तच निघतं. आतड्याबाहेर पडून लाळेपर्यंत पोचण्यात मात्र विषाणूला इजिप्तीत अधिक यश येतं. हा फरक आहे, पण साथींतला फरक समजावून सांगायला तो अपुरा आहे. फरकाचा मोठा भाग डासाच्या पोटात नाही, त्याच्या सवयींत आहे. आणि तो समजायला नववीचं गणित पुरतं.

डेंग्यू पसरायला एकाच मादीने दोन माणसांना चावणं आवश्यक आहे: आधी रुग्णाला, मग निरोगी माणसाला. मधला चावा गाईला, कुत्र्याला, कोंबडीला झाला तर तो विषाणूच्या दृष्टीने वाया गेला. समजा, एका जातीच्या दर दहा चाव्यांतले नऊ माणसाला असतात आणि दुसरीच्या दहांतले तीन. (हे आकडे हिशोबासाठी धरलेले आहेत, मोजलेले नाहीत.) पहिला चावा माणसाला असण्याची शक्यता ०.९, दुसराही माणसालाच असण्याची ०.९, गुणाकार ०.८१. दुसऱ्या जातीचा गुणाकार ०.३ गुणिले ०.३, म्हणजे ०.०९. माणसाची आवड तिप्पट, तर धोका नऊपट! आता मानू की दुसरी जात प्रयोगशाळेत पहिलीच्या दुप्पट "सक्षम" ठरली. तरी ०.०९ चे ०.१८ होतात; ०.८१ च्या आसपासही येत नाहीत. काचेच्या पिंजऱ्यातल्या परीक्षेत पहिला आलेला डास गावात आल्यावर नापास होऊ शकतो, तो असा.

यात आयुष्याचा हिशोब मिळवा. रुग्णाला चावल्यावर मादीला दहाएक दिवस जगावं लागतं. रोज शंभरातल्या नव्वद माद्या जगत असतील, तर दहा दिवसांनी ०.९ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ३५ माद्या उरतात. रोज ऐंशीच जगत असतील, तर सुमारे ११. रोजच्या जगण्यातला थोडासा फरक आणि शेवटी तिप्पट अंतर. घरात, पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांमागे बसून राहणाऱ्या मादीला ऊन, पाऊस, वारा आणि भक्षक कमी भेटतात. इजिप्ती नेमका असा घरबशा डास आहे. शिवाय एकदाच पोटभर रक्त पिऊन अंड्यांकडे वळण्याऐवजी ही मादी अंडी तयार होईपर्यंत अनेकदा थोडं थोडं रक्त पिते, आणि तेही मुख्यतः माणसाचं. एका घरातली चार माणसं एकाच आठवड्यात आजारी पडतात त्यामागे पुष्कळदा हेच असतं. अल्बोपिक्टस मुख्यतः बाहेरचा, झाडीतला; माणूस मिळाला तर माणूस, नाही तर गुरं, कुत्री, पक्षी, जे मिळेल ते.

इथे थांबलो तर आपण तक्ता फक्त थोडा सुधारला असं होईल: "इजिप्ती मुख्य वाहक, अल्बोपिक्टस दुय्यम वाहक." पुष्कळ पुस्तकांत असंच लिहिलेलं असतं. माझं भांडण या वाक्याशीही आहे. "मुख्य" आणि "दुय्यम" हे शब्द डासाच्या जातीला कायमचे चिकटवता येत नाहीत.

पुरावे दोन्ही बाजूंनी आहेत. अल्बोपिक्टसची अंडी जुन्या टायरांतून जहाजांवर चढून जगभर गेली. १९८५ साली तो अमेरिकेत ह्यूस्टनला सापडला, १९९० साली इटलीत जिनोव्हाला. पुढची तीस वर्षं तो इटलीभर पसरत राहिला, पण स्थानिक डासांकडून झालेला डेंग्यू इटलीत पहिल्यांदा नोंदला गेला तो २०२० साली. याउलट अटलांटिकमधल्या मादेइरा या छोट्या बेटावर इजिप्ती पोचला आणि २०१२ च्या साथीत तिथे सुमारे दोन हजार लोकांना डेंग्यू झाला. हवाईत २००१-०२ साली साथ आली ती अल्बोपिक्टसमुळे, आणि ती १२२ निश्चित रुग्णांवर थांबली. एवढं वाचून अल्बोपिक्टस खरोखरच दुय्यम वाटतो.

पण मग चीनमधलं ग्वांगझू शहर बघा. तिथे २०१४ साली ग्वांगदोंग प्रांतातली मोठी साथ केंद्रित झाली होती. प्रांतात ४५ हजारांवर रुग्ण झाले आणि ग्वांगझूमध्ये डेंग्यू पसरवणारा डास होता फक्त अल्बोपिक्टस. इजिप्ती तिथे नव्हताच. हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावर २०१८ पासून आलेल्या साथींतही तोच. २०१४ सालीच टोकिओच्या योयोगी बागेभोवती दीडशेवर लोकांना डेंग्यू झाला, तोही त्याच्यामुळेच. आणि ज्या इटलीत तीस वर्षं काही झालं नव्हतं, तिथे फानो या एका शहरात २०२४ साली शंभराहून अधिक रुग्ण निघाले.

हे कसं जुळवायचं? वरचाच हिशोब पुन्हा पाहा. "दहातले तीन चावे माणसाला" ही संख्या डासाच्या जातीत कोरलेली नाही. झाडी, गोठे आणि पक्षी असलेल्या गावात ती तीन असेल. लाखो माणसं दाटीने राहतात आणि दुसरे प्राणी फारसे नाहीत अशा शहरात तोच डास, त्याच सवयींनी, सात किंवा आठ चावे माणसाला घेईल. हवा किती दिवस उबदार राहते यावर विषाणूला डासाच्या अंगात पुरे वाढायला वेळ मिळतो की नाही हे ठरतं. विमानाने किती प्रवासी विषाणू घेऊन येतात, हेही ठरवणारच. पॅसिफिकमधल्या काही बेटांवर एडीस पॉलिनेशिएन्सिस नावाची तिसरीच जात डेंग्यू पसरवते, ती बाकी जगात कोणाला माहीतही नाही. मलेशियाच्या जंगलात माकडांमध्ये डेंग्यूचे विषाणू फिरवते ती एडीस निव्हियसच्या गटातली जात झाडांच्या शेंड्यांत राहते. माणसाच्या वस्तीशी तिची गाठ क्वचित पडते.

विषाणूही गप्प बसत नाही. डेंग्यूच्या शेजारचं उदाहरण चिकुनगुन्याचं. २००५-०६ साली रीयुनियन बेटावर चिकुनगुन्याची साथ आली आणि बेटावरच्या सुमारे एक तृतीयांश लोकांना लागण झाली. तिथला डास अल्बोपिक्टस. साथ भडकत असताना विषाणूच्या आवरणातल्या एका प्रथिनात एका जागचं ॲलानिन जाऊन व्हॅलिन आलं होतं, आणि एवढ्या एका बदलाने तो अल्बोपिक्टसच्या अंगात कितीतरी सहज वाढू लागला. २००७ साली केरळमधल्या विषाणूंतही हाच बदल सापडला. केरळात रबराच्या मळ्यांमध्ये झाडांना चीक गोळा करायच्या वाट्या बांधतात. पावसात त्या पाण्याने भरतात आणि त्यांत अल्बोपिक्टस वाढतो. "जोड्या लावा" मधली उजवी बाजू अशी आपली आपण बदलू शकते.

मग इजिप्तीचा दोष किती, हे कधी मोजता येतं का? एका प्रयोगाने ते बरंचसं मोजून दाखवलं, आणि माझ्या मते वर्गात सांगण्याजोगा गेल्या काही वर्षांतला हा सर्वांत सुंदर प्रयोग आहे. इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहराचे २४ विभाग पाडले. त्यांतल्या चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या १२ विभागांत वोल्बाकिया हा जिवाणू अंगात असलेले इजिप्ती डास सोडले. हा जिवाणू डासाच्या अंगात असला की डेंग्यूचा विषाणू तिथे नीट वाढत नाही, आणि मादीकडून तो पुढच्या पिढीत जातो. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: डास सोडलेल्या विभागांत डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी. आता यातली खुबी पाहा. सोडलेले इजिप्ती फक्त इजिप्तीशीच प्रजा वाढवतात. शहरातल्या अल्बोपिक्टसला त्यांनी हातही लावला नाही. तरी डेंग्यूचा तीन चतुर्थांशाहून मोठा भाग गेला. म्हणजे त्या शहरात, त्या वर्षांत, निदान तेवढं ओझं इजिप्तीच वाहत होता. "त्या शहरात" आणि "त्या वर्षांत" हे शब्द मात्र पुसू नयेत. ग्वांगझूमध्ये असे इजिप्ती सोडले असते तर काहीच झालं नसतं.

डासाची जात ओळखणं हा छंदिष्टांचा खेळ नाही, तो यासाठी. तक्त्याचं चौथं वाक्य, "स्वच्छ साठलेल्या पाण्यात", मला सर्वांत नुकसानकारक वाटतं, तेही याच कारणाने. मुलं "स्वच्छ" हा शब्द ऐकतात आणि पिण्याचं पाणी डोळ्यांपुढे आणतात. मग कुंडीखालच्या ताटलीतलं पालापाचोळ्याने पिवळं झालेलं पाणी, टायरमधलं काळपट पाणी त्यांच्या पाहणीतून सुटतं. प्रत्यक्षात कुजलेल्या पानांचा वास असलेल्या पाण्याकडे इजिप्तीची मादी उलट ओढली जाते. अंडी पकडण्याच्या सापळ्यांत म्हणूनच भिजवलेल्या गवताचं पाणी घालतात. पोर्तो रिकोमध्ये तर संडासाच्या टाक्यांतही इजिप्ती वाढताना सापडला आहे. "स्वच्छ" च्या जागी "भांड्यातलं" हा शब्द घातला तर वाक्य बरंचसं बरोबर होईल. पिंप, रांजण, हौद, कूलर, टायर, करवंटी, बांबूचं पेर: भिंत असलेलं आणि पाणी धरून ठेवणारं काहीही.

भिंत महत्त्वाची, कारण अंडी पाण्यात नव्हे तर पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, ओलसर भिंतीला चिकटवलेली असतात. कोरडी पडली तरी ती काही महिने टिकतात आणि पाणी वर चढलं की उघडतात. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, हा सल्ला योग्यच आहे. पण पिंप उपडं करून पुन्हा भरलं आणि कडा घासली नाही, तर तीच अंडी नव्या पाण्यात फुटतात. कडा घासा, हे दोन शब्द मी पाहिलेल्या तक्त्यांवर मला क्वचितच दिसले. डासाच्या सोंडेचे भाग मात्र बाणांसह दाखवलेले असतात.

आणि मग येते ती शाळेची फेरी. मुलं घोषणा देत निघतात, गटारं साफ करतात, फोटो निघतात. संध्याकाळी धुराची गाडी गल्लीतून जाते. गटार साफ करणं चांगलंच. क्युलेक्स कमी होतो आणि हत्तीरोगाच्या दृष्टीने ते गरजेचंही आहे. संध्याकाळी कानाशी गुणगुणणारा डास बहुधा क्युलेक्सच असतो, लोकांची तक्रारही त्याच्याबद्दलच असते. पण त्या वेळी इजिप्तीची मादी घरात कपाटामागे बसलेली असते. गल्लीतला धूर तिच्यापर्यंत क्वचितच पोचतो आणि तिच्या अळ्या त्याच घराच्या न्हाणीतल्या पिंपात वाढत असतात. त्या गल्लीत पुढच्या आठवड्यात एखादं मूल डेंग्यूने रुग्णालयात गेलं, तर लोक म्हणतात, "एवढी फवारणी केली तरी?" अविश्वास वाढतो, आणि पुढच्या वेळी घरात पाहणीला आलेल्या आरोग्यसेविकेला दारातूनच परत पाठवलं जातं.

तक्ता फाडून टाका, असं मी म्हणत नाही. त्याने एक मोठं काम केलेलं आहे. १९९६ साली दिल्लीत दहा हजारांवर लोकांना डेंग्यू झाला आणि चारशेहून अधिक दगावले, तेव्हा देशातल्या कितीतरी शिक्षित घरांतही "ताप डासाने येतो" म्हणजे हिवतापच, अशी समजूत होती. आज सहावीतलं मूलही एडीस हे नाव घेतं, आणि त्याचं श्रेय असल्या तक्त्यांना द्यायला हवं. त्याचं चित्र सुबक आहे, आणि वीणेची खूण इतकी ठसठशीत काढली आहे की एका मुलीला तिच्या डासाच्या पाठीवर ती नसल्याचं लगेच जाणवलं. हे काही लहान यश नव्हे. माझी तक्रार आहे ती मधल्या शीर्षकाबद्दल. "डेंग्यूचा डास" असं एकवचनात, पूर्णविराम दिल्यासारखं लिहिलं की पुढचा प्रश्न विचारायला जागाच राहत नाही.

बाईंनी काय केलं ते सांगतो. तक्त्याच्या खाली त्यांनी कोऱ्या कागदाची पट्टी चिकटवली आणि मुलांकडून तिच्यावर अल्बोपिक्टसची पाठ काढून घेतली. मग तीन बाटल्या ठरल्या: एक बांबूच्या पेरातली, एक घरच्या पिंपातली, एक माडाखाली पडलेल्या करवंटीतली. अळी असताना इजिप्ती आणि अल्बोपिक्टस वेगळे ओळखायला सूक्ष्मदर्शक आणि सवय लागते. क्युलेक्स मात्र साध्या भिंगाखालीही ओळखता येतो, त्याची श्वासनळी लांब आणि बारीक, एडीसची आखूड आणि जाडसर. म्हणून अळ्या डास होईपर्यंत ठेवायच्या, फडकं दुहेरी बांधायचं, आणि डास निघाले की बाटली आहे तशी कडक पाण्याच्या बादलीत बुडवायची. एकही बाहेर उडता कामा नये, हा नियम मुलांनी स्वतःच मोठ्या अक्षरांत लिहिला.

पेरातल्या बाटलीतून पाठीवर रेघ असलेले डास निघाले. पिंपातल्या बाटलीतून वीणा असलेले. आणि करवंटीतून दोन्ही.